सहा नवे पैसे

आमच्या घरात खरेदीचे दोन पंथ आहेत. आई घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही आणि बाबा समोरच्यानं जो आकडा सांगितला तो मुकाट्यानं काढून देतात. त्यामुळे दोघं एकत्र बाजारात गेले की एकाच्या कमाईवर दुसरा पाणी फिरवतो. परवाच्या रविवारी आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण, पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो तेव्हाही हेच झालं.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत रस्त्याच्या कडेनं भरतो. पुण्यात राहून तो न पाहिलेले बरेच लोक माझ्या ऑफिसात आहेत. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, ड्रिल मशिनची पाती, एका पायातला बूट, बंद पडलेले मोबाईल, पितळी समया, कुणाच्या तरी लग्नातल्या नाव घातलेल्या पराती, आणि मधूनच एखादी अशी वस्तू की जी विकणाऱ्यालाही ओळखता येत नाही. जुन्या बाजारात नशीब उघडतं ते इथंच. विकणाऱ्याला जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत असेल तर वस्तू स्वस्त. उलट असेल तर तुम्ही गिऱ्हाईक.

त्या दिवशी नशीब जोरावर होतं. आईला बिडाचा तवा मिळाला, दीडशे रुपयांत, गंज होता पण तडा नव्हता. बहिणीला पितळी अडकित्ता मिळाला. तिला सुपारी कातरायची नाही, इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे. मला एका डब्यातल्या चिल्लरीत १९५७ सालचा एक नवा पैसा सापडला, दहा रुपयाला. आणि परत फिरताना बाबा एका ताडपत्रीपाशी थांबले. बाबा थांबले म्हणजे विशेष, कारण ते सहसा पिशव्या धरून आमच्या मागून चालतात.

लोखंडी सामानाच्या ढिगात चार गोल वजनं होती. काळी, गंजलेली, कडा झिजलेल्या. सगळ्यांत मोठ्यावर ‘१ शेर’ अशी उठावातली अक्षरं बोटानं चाचपून वाचता येत होती. खाली अच्छेर, पावशेर आणि नवटाक. चारही एकाच घडणीची. सर्वांच्या बुडाशी एक भोक आणि त्यात ओतलेलं शिसं, शिशावर ठोकलेले छाप.

विकणाऱ्यानं ती चारही वजनं एका पिशवीत टाकली, पिशवी लटकवायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला अडकवली आणि म्हणाला, “एक किलो सातशे पस्तीस. दोनशेनं किलो. द्या साडेतीनशे.”

वजनांचं वजन करून भाव! मला हसू आलं. आईनं अडीचशेवर सौदा तोडला. बहिणीनं तिथंच फोनवर शोधलं, तर असलाच एक संच कुणीतरी साडेतीन हजारांना विकायला ठेवला होता. आई खूश. आम्ही पुढे निघालो, आणि मागं वळून पाहिलं तर बाबा त्या माणसाला शंभराची नोट देत होते. रिक्षात आई त्यांच्याशी बोलली नाही.

ही घासाघीस न करण्याची बाबांची सवय मी लहानपणापासून पाहतोय. ते जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते, पैशाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कुणी ठेवत नाही, पण दुकानदाराच्या काट्याकडे ते कधी पाहत नाहीत. वजन चालू असताना मान दुसरीकडे वळवतात. गावाकडे आमच्या घराण्याला एक टोपणनाव होतं, हे मला माहीत होतं. आमचं गाव बार्शीपासून तासाभरावर, आठवडी बाजाराचं. आजोबांचं तिथं किराणा दुकान होतं. लहानपणी यात्रेला गेलो असताना पारावरच्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, “हा सहापैशांचा नातू का?” बाबांनी माझा हात धरून मला तिथून नेलं. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, लोक काहीही म्हणतात.” नंतर तो विषय निघाला नाही.

घरी आल्यावर मी वजनं ब्रशनं घासली आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक ठेवली. ९२९, ४६५, २३१, ११५. बेरीज १७४० ग्रॅम. म्हणजे जुन्या बाजारातल्या त्या माणसानं काटा मारला नव्हता, उलट पाच ग्रॅम त्याचेच गेले होते. हे ऐकून आईला थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

शेर किती ग्रॅमचा असायला हवा? आता हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘कुठला शेर?’ हा पहिला उपप्रश्न. आपल्याकडे वजनाचा शेर वेगळा आणि धान्य मापायचा शेर वेगळा. दुसऱ्याचा कुटुंबकबिला मोठा, निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, आणि चार शेरांची पायली. वजनाच्या शेरातही कच्चा आणि पक्का. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आसपास, आणि रेल्वे ज्या मणानं माल घ्यायची तो सव्वाब्याऐंशी पौंडांहून थोडा जास्त. नाव एक, वस्तू तिप्पट! एका व्हेरिएबलला दोन फाइलींत दोन अर्थ असले की काय होतं हे माझ्या धंद्यातल्यांना सांगायला नको. इंग्रज सरकारनं १८३३ साली १८० ग्रेनचा तोळा धरून त्यावर ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण अशी शिडी उभी केली, आणि १९३९ च्या कायद्यानं तीच देशाची प्रमाण वजनं ठरवली. त्या हिशेबानं तोळा ११.६६ ग्रॅम, शेर ९३३.१० ग्रॅम, नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, दहा तोळे, ११६.६४ ग्रॅम. माझ्या काट्यावरची वजनं त्याच घराण्यातली होती, साठसत्तर वर्षांत शेरामागे चार ग्रॅम झिजलेली.

झिजलेल्या वजनाचा फायदा दुकानदाराला, म्हणून तर ते भोक आणि शिसं. वजन तपासायला आलेला निरीक्षक कमी भरलं तर शिसं घालायला लावतो आणि त्यावर छाप ठोकतो. छाप पुसल्याशिवाय शिसं काढता येत नाही. साधी युक्ती आहे, पण त्यामागची कल्पना फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे; वजनं लोखंडाची किंवा मगध-मेकलच्या दगडाची असावीत, पाण्यानं वाढू नयेत आणि उष्णतेनं घटू नयेत, दर चार महिन्यांनी ती तपासून छापून घ्यावीत, असं सगळं तिथं आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे चोर पकडण्याबरोबर बाजारभाव आणि वजनमापं यांवर नजर ठेवण्याचंही काम होतं. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारा बाजार पुढे १८८६ मध्ये मंडईच्या दगडी इमारतीत गेला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची ती मंडई. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते, हे जाता जाता.

इतकी देखरेख लागायची कारण अविश्वास तितकाच जुना. तो भाषेत मुरलाय. ‘मापात पाप’ आपण सहज म्हणतो. ‘काटा मारणे’ तर सरळच आहे. ‘पासंगालाही पुरणार नाही’ हे आपण कुणाच्या लायकीबद्दल बोलतो, पण पासंग म्हणजे तराजूची रिकामी पारडी समतोल व्हावीत म्हणून हलक्या बाजूला बांधलेला तुकडा. तो चुकीच्या बाजूला बांधला की झालंच काम. मराठीत गिऱ्हाइकानं दुकानदाराला शहाणपणानं हरवल्याची म्हण मला आठवत नाही. शेरास सव्वाशेर भेटतो, पण तोही बहुधा दुसरा व्यापारीच असावा.

चिल्लरीत मिळालेला नवा पैसा मी वजनांशेजारी ठेवला. ब्राँझचा, नखाएवढा. त्यावर हिंदीत ‘रुपये का सौवाँ भाग’ असं लिहिलंय. नाण्यावर नाण्याची व्याख्या लिहावी लागली, यावरूनच लोकांचा किती गोंधळ होणार याची सरकारला कल्पना होती हे कळतं. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर पैसे. जुना पैसा आणि हा पैसा यांत घोटाळा होऊ नये म्हणून याला ‘नया’ हे विशेषण लावलं, ते पुढे १ जून १९६४ ला काढून टाकलं. बदलाची बाजू भक्कम होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखी माणसं दशमान पद्धतीच्या बाजूनं उभी होती, भारतीय मानक संस्थेचे लाल चंद वर्मन मेट्रिक मापांसाठी झटत होते. मलाही शाळेत ती सगळी कोष्टकं पाठ करावी लागली नाहीत, हे त्यांचे उपकार.

पण आणा सव्वासहा पैशांचा निघाला. रुपयाचे शंभर आणि आणे सोळा, मग दुसरं काय निघणार? सव्वासहा पैसे देता येत नाहीत. म्हणून सरकारनं कोष्टक काढलं: एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५, आणि पुढे याच चालीनं पाच आणे ३१, सहा आणे ३७, सात आणे ४४, आठ आणे ५०. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा.

हे कोष्टक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात एक भोक दिसलं आणि ते दिसल्याचा आनंदही झाला. आमच्याकडे त्याला एज केस म्हणतात. एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. एक आण्याच्या सोळा वस्तू सुट्या घेतल्या तर शहाण्णव पैशांत रुपयाचा माल! कोष्टक चार आण्यांच्या टप्प्यानं फिरतं, आणि प्रत्येक टप्प्यात एकाला पाव पैसा कमी, दोनाला अर्धा कमी, तिनाला पाव जास्त, चाराला बरोबर. बेरीज केली तर कोष्टक गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित झुकलेलं. म्हणजे आण्या-दोन आण्यांचं किरकोळ विकणाऱ्या दुकानदाराला दर आण्यामागे पाव पैसा सोडावा लागला. चार टक्के. किराण्यात तेवढाच नफा सुटतो असं आजी म्हणते.

आजी आमच्याकडेच असते. एव्हाना ती तिच्या खोलीतून बाहेर येऊन टेबलापाशी बसली होती आणि नवटाक हातात घेऊन बघत होती. “आमच्या दुकानात असलीच होती,” म्हणाली. “मग ती सहाकोनी आली.”

ती सहाकोनी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, परवापरवापर्यंत भाजीवाल्याकडे असायची. वजनमापांच्या प्रमाणांचा नवा कायदा १९५६ चा. नाण्यांच्या पाठोपाठ १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या काही भागांत आणि काही उद्योगांत किलोग्रॅम सुरू झाला. मुंबई राज्यानं त्याच वर्षी अंमलबजावणीचा आपला कायदा केला. मधली काही वर्षं शेर आणि किलो दोन्ही चालायचे आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात मेट्रिक वजन सक्तीचं झालं. कागदावर हे फार शहाणपणाचं नियोजन आहे. टप्प्याटप्प्यानं बदल, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवायच्या, मग जुनी बंद. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी आमच्या टेक लीडनं नेमकं हेच शिकवलं होतं. सोबत एक गोष्ट आणखी शिकवली होती: डेटा आणि डेटाबेस एकाच वेळी बदलू नका, कारण मग आकडा चुकला तर कशामुळे चुकला हे कुणालाच सांगता येत नाही. गावातल्या बाईला पाच वर्षांत पैसाही नवा मिळाला आणि वजनही नवं. गूळ महाग झाला की गुळाचं वजन बदललं की पैशाचं, हे तिनं कसं शोधायचं?

“आजी, सहापैसे म्हणजे काय?” मी विचारलं.

बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

आजीनं उत्तर दिलं नाही. तिच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक आहे, ती ओढायला सांगितली. गावचं घर विकलं तेव्हा आजीनं तिथून पाटावरवंटा आणि लाल कापडी बांधणीची एक वही एवढंच आणलं होतं. ती उधारीची खतावणी. “यातलं काही अजून यायचंय,” ती गंभीरपणे म्हणाली. आजोबा मी चार वर्षांचा असताना गेले. त्यांचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सुदैवानं ते बाळबोध लिहायचे. आधीची पानं पणजोबांच्या हातची, मोडीत, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आजीनं रकमेच्या खुणा शिकवल्या. एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया. मधल्या एका दिवाळीपासून रेघा गेल्या आणि साधे आकडे आले. आणि त्याच्या पुढच्या पाडव्याच्या पानावर, कुंकवाच्या डागाखाली, आजोबांनी लिहिलंय: ‘आजपासून किलो.’

आजी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली ती याच धामधुमीत. सासरे म्हणायचे, कशाला ही नवी कटकट. आजोबा विशीतले, त्यांना नव्याची हौस. त्यांनी भाव काढून पुठ्ठ्यावर लिहून दुकानात टांगला होता. आजीला तो पुठ्ठा आठवतो, त्यावरचे आकडे नाही. आकडे वहीत होते.

मी गूळ घेतला, कारण तो जवळजवळ प्रत्येक पानावर होता. बदलाच्या आधीच्या महिन्यात गूळ आठ आणे शेर, म्हणजे ५० नवे पैसे. किलो शेरापेक्षा सात टक्क्यांहून थोडा मोठा, तेव्हा किलोला ५३.५८ पैसे पडायला हवेत. आजोबांनी पाडव्यानंतर किलोला ५४ लावलेत. बरोबर! मी आतून फार सुखावलो. भाव चार पैशांनी वाढलेला दिसतो, पण वाढलेला नाही, मालही वाढलाय. म्हणजे गावानं चार पैसे वाढलेले पाहिले, सदुसष्ट ग्रॅम वाढलेले पाहिले नाहीत, आणि आजोबांवर उगीच बालंट आलं, असं एक वाक्य मी मनात तयारही केलं. लेखाचा शेवट म्हणून ते छान होतं.

मग खालच्या नोंदी वाचल्या.

किलोनं गूळ घेणारी नावं थोडी. दर चार नोंदींत तीन नवटाकाच्या. बदलाआधी ‘गूळ नवटाक’, रक्कम एक आणा, आणि नवे पैसे आल्यावर ६. सव्वासहाचे सहा, पाव पैसा आजोबांचा गेला. पाडव्यानंतर नवटाक हा शब्द नाहीसा होतो आणि त्याच नावांपुढे त्याच दिवसांच्या अंतरानं ‘गूळ १०० ग्रॅम’ येतो. रक्कम ६.

शंभर ग्रॅमला ५४ च्या भावानं ५.४ होतात. पाच घ्यायचे की सहा, हा प्रश्न आजोबांना पडला असेल. पाच घेतले तर खोट. पण एका आण्याला पूर्वी ११६ ग्रॅमहून जास्त गूळ मिळायचा आणि आता त्याच एका आण्याला शंभर. साडेसोळा ग्रॅम कमी. दर सातांतला एक भाग. सरकारी कोष्टकानं आजोबांचा पाव पैसा नेला होता, आजोबांनी तो बे-तृतीयांश पैसा करून वसूल केला, आणि तोही कोष्टकानं ज्यांना पाव पैसा दिला होता त्यांच्याचकडून. किलोनं घेणाऱ्याला ५४ म्हणजे अर्ध्या पैशाचा फरक. नवटाकवाल्याला बारा टक्के.

मिरची, चहा, सुपारी, सगळीकडे हेच. पाव किलोत थोडं, शंभर ग्रॅममध्ये जास्त, पन्नासमध्ये आणखी. पूर्णांक करण्याचा भार नेहमी लहान आकड्यावर जास्त पडतो हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं. त्या पानांवर त्याला नावं होती, काहींपुढे गल्ली लिहिलेली, काहींपुढे धंदा.

(सोन्याच्या तोळ्याचंही हेच झालं. आपण आज ज्याला तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा, मूळ तोळ्यापेक्षा बरोबर तेवढाच, दर सातांतला एक भाग, लहान. पण तिथं भाव दहा ग्रॅमला निघतो, त्यामुळे कुणी नागवलं जात नाही. सोनं घेणारा सहा पैसे मुठीत धरून येत नाही.)

मी आजीला हे सगळं सांगितलं. जरा भीतभीतच. तिला टक्के नकोच होते.

“अरे, ती बाई एका आण्याचा गूळ मागायची,” आजी म्हणाली. “शंभर ग्रॅम नाही मागायची. एक आण्याचा. तिच्याकडे सहा पैसे असायचे, आणि आमच्याकडे शंभराचं वजन असायचं. एकशे सोळाचं वजन सरकारनं काढलं होतं का?”

“शंभर, त्यावर दहा, त्यावर पाच…”

“बाजाराच्या दिवशी? दारात चाळीस माणसं उभी असताना?” ती थोडा वेळ गप्प बसली. “एकदोघी म्हणायच्या, खडा लहान झाला शेठ. तर ते पुठ्ठा दाखवायचे. वाचता कुणाला येत होतं? मग एकीनं चावडीवर जाऊन सांगितलं, सहा पैसे तेच घेतो आणि गूळ कमी देतो. इन्स्पेक्टर आला. वजनं तपासली. छाप होते, वजनं बरोबर होती. तो चहा पिऊन गेला. त्यावर तर आणखीच पेटलं. नाव पडलं ते पडलंच.”

वजनं बरोबर होती, हे मी दोनदा विचारून घेतलं. कायद्याच्या दृष्टीनं आजोबांनी एक ग्रॅमही चोरला नव्हता. काटा मारला नव्हता, पासंग नव्हता, छाप ताजे होते. कौटिल्याच्या पौतवाध्यक्षालाही दंड करता आला नसता. गावातल्या बायकांकडे कोष्टक नव्हतं, काटा नव्हता, त्यांच्याकडे फक्त खड्याचा हाताला जाणवणारा आकार होता, आणि तो लहान झाला होता.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली. फिटलेल्या खात्यावर आजोबा आडवी रेघ मारायचे. नवटाकवाल्यांच्या जवळजवळ सगळ्या खात्यांवर ती आहे. ‘अजून यायचंय’ असं आजी जे म्हणते ती रेघ नसलेली खाती सात. सातही किलोनं घेणाऱ्यांची.

बाबा कधी आत येऊन उभे राहिले मला कळलं नाही. मी कागदावर मांडलेला हिशेब त्यांनी चष्मा वर करून वाचला. लेखा विभागातला माणूस. सव्वासहाच्या जागी मी एकदा ६.२ लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त केलं. मग म्हणाले, “शाळेत मुलं सहा पैसे हातावर ठेवायची माझ्या. मधल्या सुट्टीत. मला वाटायचं अण्णांनी खरंच काहीतरी चोरलंय.” आणि थोड्या वेळानं, “चोरलं नव्हतं म्हणतोस?”

मी म्हणालो, “वजन बरोबर होतं.”

“ते विचारलं नाही मी.”

ते स्वयंपाकघरात गेले आणि गुळाचा डबा घेऊन आले. काट्यावर वाटी ठेवली, शून्य केलं, आणि सुरीनं गूळ फोडून वाटीत टाकत गेले. शंभर झाल्यावर थांबले. मग आणखी एक खडा टाकला, आकडा १२१ वर गेला, त्याचा कोपरा तोडून परत ठेवला. ११७. तो खडा उचलून त्यांनी तळहातावर घेतला. सुपारीपेक्षा थोडा मोठा. आम्ही चौघंही त्याकडे बघत होतो. आई ओट्यापाशी तवा घासत होती, तीही हात थांबवून.

बाबांनी तो खडा आजीपुढे धरला. आजीला साखर आहे, पण गूळ चालतो असं तिचं स्वतःचं मत आहे. तिनं तो तोंडात टाकला, जरा वेळ घोळवला, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “खारट आहे. असला गूळ आम्ही दुकानात उतरवून घेतला नसता.”